टेकवून काढलेला दांडा

इंदूर, रविवार

प्रिय अक्का,
तुला आणि दाजींना नमस्कार.

सकाळपासून आपलं सोलापूरचं अंगण आठवतंय. कॉन्व्हेंटची बस यायच्या आधी तू माझ्या वेण्या घालायचीस आणि "मान हलवलीस तर तशीच जाशील की!" म्हणून दटावायचीस. इथे दवाखान्यात माझी वेणी आमच्या प्रयोगशाळेतली रेश्मा घालते, मोहोळची आहे. हे अक्षरही तिचंच.

घाबरू नकोस. मी शुद्धीवर आहे, पेज पिते. इलेक्ट्रॉन गनला क्षणभर विजेचा प्रचंड दाब देणारी यंत्रं मी बनवते, हे तुला ठाऊकच आहे. वीज बंद केली तरी त्यांच्या कपॅसिटरमध्ये ती साठून राहते. म्हणून आधी ती जमिनीत सोडणारा अर्थिंगचा दांडा टेकवायचा आणि काम संपेपर्यंत तिथेच अडकवून ठेवायचा. मी टेकवला, पण आड येतो म्हणून काढून ठेवला. तेवढ्यात आत उरलेला विजेचा भार आपोआप पुन्हा चढला आणि माझा उजवा हात तिथे लागला. रेश्मा रडत म्हणाली, "मॅडम, दांडा काढू नका म्हणून तुमीच रोज वरडायचा की!"

उद्या तो हात कोपराखालून काढतील. हृदयाचे ठोके अजून चुकतात, त्यामुळे भूल देण्यात धोका आहे म्हणतात. तू प्रवास करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

काही झालंच, तर पुस्तकं रेश्माला. (हे लिहायला ती तयार नव्हती.) आईची इरकल तू नेस, नुसती ठेवून देऊ नकोस. या कामात हातात धातू चालत नाही म्हणून माझ्या पाटल्या तुझ्याकडेच राहिल्या. त्या तुझ्या नातीला, श्रावणीला घाल. मी परत आले तर मला एकच पुरेल, पण तिची जोडी मोडू नकोस.

तुझी धाकटी,
कुमुद