राखेखालचे खूर

तुंगभद्रेकाठी, फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप भाई आणि आई,
तंबूतून कावेरीचा वाकून नमस्कार.

मला जरा ताप होता, तो उतरला. उत्खननाचे आमचे सर घरी पाठवत होते, पण मी राहिले.

राहिले ते बरं झालं. काल माझ्या खड्ड्यात हजारो वर्षांपूर्वीचा गोठा निघाला. शेणाच्या राखेखालच्या घट्ट चिखलात गाईंचे खूर उमटलेत आणि एका गाईच्या खुरांशेजारी वासराचे इवलेसे. भोवती कुंपणाच्या खुंटांची भोकं आहेत. सर म्हणाले, "ही रानातली जनावरं नव्हेत, पाळलेली. तुझ्यामुळे सापडली."

भाई, बांद्याच्या स्टँडवर तुम्ही विचारलंत, "माती उकरूक इतक्या लांब कित्याक जातंस गो?" तेव्हा मी पिशवी उचलून गाडीत चढले. काल त्या खुरांपाशी बसले, तर आपल्या गोठ्यात कपिलेपुढे अंबोणाची बादली ठेवणारी आईच दिसली. अशीच कोणीतरी इथेही असणार. तिला शोधायला आले, असं समजा.

सरांनी पुढच्या वर्षीही बोलावलंय. सावंतवाडीच्या स्थळाला तोवर थांबायला सांगाल? नाही थांबले, तरी मी येणार आहे इथे.

आईचा गुडघा कसा आहे? कपिला व्याली का? मागच्या खेपेला वासरू वाचलं नाही, म्हणून जीव लागून राहिलाय. पाडी की पाडो, तेवढं तरी लगेच कळवा.

तुमची लेक,
कावेरी