हवेच्या विहिरीतला आरसा

प्रिय रोसिना,

तुझा फोन आला की मी हवापाण्याचं बोलतो आणि गप्प होतो. तू पलीकडून विचारतेस, "बाबा, आहात ना?" मी म्हणतो, आहे. मग तू फोन मागनुसकडे देतेस आणि तो बिचारा तुझा नवरा तुझ्या-माझ्या भाषेत माझ्याशी फुटबॉलबद्दल बोलायची धडपड करतो. मला समोर माणूस नसला की बोलायला सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. इथे थंडी पडली आहे. नदीवरून येणारा वारा खिडक्यांच्या फटीतून आत शिरतो, पण माझी तब्येत ठीक आहे.

काल घरमालक एबेर आले होते. दारातच म्हणाले, "आनीबाल, आता तू एकटा. घर ठेवणार की सोडणार, एकदाचं सांगून टाक." मग पाइप गळतात का ते बघायला म्हणून आत शिरले आणि झोपायच्या खोलीच्या दारात थबकले. भिंतीवरून हात फिरवला, छताकडे पाहिलं. म्हणाले, "ही माझीच खोली का रे? मी तर भाडेकरूंना ही दाखवायचीच टाळायचो." ते गेल्यावर मी पलंगाच्या कडेवर बसलो. तुझी आई गेली तेव्हा तू आलीस, पण तू पोचेपर्यंत दफन उरकलं होतं, आणि तू वरच्या मजल्यावर सुल्माकडे झोपलीस. ह्या खोलीचं दार तू उघडलं नाहीस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग तुला ती खोली जुनीच आठवत असणार. ओल धरलेली, अंधारी, आणि तिची एकुलती एक खिडकी हवेच्या विहिरीत, इमारतीच्या पोटातल्या त्या अरुंद, वर उघड्या पोकळीत, उघडणारी.

आई आजारी पडल्यावर तुझ्या तळ्याकाठच्या घरात तिच्यासाठी मोठ्या खिडकीची खोली तयार होती, डॉक्टरही प्रवासाला हो म्हणाले होते, हे मी विसरलेलो नाही. नकार मी दिला. तिकडे तिच्या भाषेत तिच्याशी कोण बोलणार, असं तुला सांगितलं. तू फोनवर ओरडलीस, "मग काय, त्या विहिरीकडे बघत पडून राहणार ती?" मी म्हटलं, खोली नीट करतो. तुला ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं असेल. मी मात्र दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो.

आधी कपाट ओढून बाहेरच्या बोळात आणलं. त्याच्यामागे भिंत शेवाळलेली निघाली. ती खरवडली, सुकू दिली, चुना लावला. रंगासाठी शेजाऱ्यांकडचे उरलेसुरले डबे गोळा करून एकत्र ढवळले. वाटलं होतं फिकट पिवळा होईल. आई दारात खुर्चीवर बसून बघत होती, म्हणाली, "म्हाताऱ्या, मी काय कस्टर्डात झोपायचं?" पण दुसरा हात द्यायला तिनंच लावला. पलंगाच्या पायांखाली ठोकळे दिले, म्हणजे पडल्या पडल्या तिला खिडकीची चौकट दिसेल. जाड पडदा काढून तिच्या लग्नातला विणलेला टेबलक्लॉथ टांगला. फळांच्या खोक्याच्या फळ्या घासून औषधांसाठी मांडणी केली. तरी खोली अंधारीच. खिडकीतून समोरची काळपट भिंत दिसायची, तेवढंच.

तेव्हा मी विहिरीचीच भिंत रंगवायचं काढलं. ती ना माझी ना एबेरांची, सगळ्या इमारतीची. प्रत्येक मजल्यावर जाऊन विचारावं लागलं. सुल्मा खिडकीतून वाकून म्हणाली, "विहीर रंगवून कुणाला दाखवणार, आनीबाल? माशांना?" मग म्हणाली, "रंगव बाबा. पण चादरीवर एक थेंब पडला तर चादर तू धुवायचीस." पडला, आणि मी धुतली. पांढरा रंग दिल्यावर वरचा उजेड त्या भिंतीवरून थेट खोलीत यायला लागला. आई एवढंच म्हणाली, "आता तुझ्या शर्टावरचे डाग दिसतात."

आरसा रविवारच्या बाजारात मिळाला, एका मोडलेल्या कपाटाचं दार होतं ते. बसवाल्यानं चढू दिलं नाही म्हणून पाठीवर बांधून चालत आणला. सिग्नलला थांबलो की मागे माणसं थांबून केस विंचरायची. कचेरीत जमिनीचे नकाशे काढण्यात माझी हयात गेली, पण तो आरसा खिडकीबाहेर विहिरीत नेमका किती कलता लावायचा हे कागदावर जमेना. शेवटी आई उशीवरून सांगत गेली, मी सरकवत गेलो. थोडा वर. अजून. आता खाली. मग ती बोलायची थांबली. मला वाटलं दमली. वळून बघितलं तर ती आरशात बघत होती. मी तिच्या उशीला डोकं टेकवून पाहिलं. विहिरीच्या तोंडाशी आभाळाची एक पट्टी होती आणि तिच्यात सुल्माची दोरी, कपड्यांसकट.

त्यानंतर तिचा दिवस त्या दोरीवर जाऊ लागला. कुणाची बाही उसवली, कुणी नवे मोजे घेतले, सगळं तिला ठाऊक. एकदा म्हणाली, "सुल्माचा लाल झगा आज पुन्हा वाळतोय. ही बाई तो घालते कधी?" मी जिन्यात सुल्माला विचारलं. ती माझ्यावरच खेकसली, "तुला काय करायचंय? तुझ्या नीबियाला लाल आवडतो." धुतलेलाच झगा ती सारखा ओला करून वाळत घालत होती. मी हे आईला सांगितलं नाही. मला वाटतं तिला कळलं होतं. जानेवारीत, आपल्या ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी ऊन विहिरीत उतरायचं, आरशावर आदळायचं आणि एक चौकोन तिच्या चादरीवरून हळूहळू सरकत जायचा. ती त्यात हात ठेवून पडून राहायची.

आईचं थडगं बघून परतताना तू आणि मी दफनभूमीच्या फाटकाशी टॅक्सीची वाट बघत होतो तेव्हा तू म्हणालीस, "तुम्ही आईला विहिरीत ठेवलंत." ती बरी होणार नव्हती हे दोघांना माहीत होतं. पण मोठ्या खिडकीजवळ, तुझ्याजवळ, ती जास्त सुखात गेली असती का, हा प्रश्न मी रोज त्या पलंगावर बसून स्वतःला विचारतो.

मागनुस पहिल्यांदा आपल्याकडे आला ती दुपार आठवते ना? आईनं त्याच्या हाती येर्बाचा भोपळा दिला, कडू पाल्यावर गरम पाणी ओतलेला. त्यानं तोंड वाकडं न करता नळीनं सगळं ओढलं आणि भोपळा परत देताना चांगल्या घरच्या मुलासारखा म्हणाला, ग्रासियास. झालं. पुढचा भोपळा मला, मग तुला, मग तिला, फेरी चालूच राहिली आणि तो कोरडाच. शेवटी त्यानं तुझ्या कानात विचारलं, माझं काही चुकलं का? येर्बा पिताना आभार मानले की पुरे झालं, आता नको, हे त्याला कुठून माहीत असणार. आई म्हणाली, "पोरगा भला आहे. पण असे आभार मानत राहिला तर ह्या देशात तहानेनं मरेल." आपण किती हसलो होतो.

त्याच फाटकाशी तू मला आणखी एक विचारलं होतंस. आई शेवटी काही म्हणाली का? मी म्हणालो, नाही. ते खरं नव्हतं. मला सांगता येईना, एवढंच. त्या सकाळी मी थर्मास घेऊन तिच्याशेजारी बसलो. एक भोपळा मी प्यालो, एक तिला दिला. तिनं दोनतीन घोट घेतले, भोपळा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "ग्रासियास." मी म्हटलं, बरं. थर्मासचं झाकण लावलं, येर्बा रिकामी केली, भोपळा धुऊन पालथा घातला आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. तिला लोण्याची बिस्किटं आवडायची, येर्बा नको तर निदान ती खाईल असं वाटलं. बिस्किटं गरम होती. परत आलो तेव्हा ती गेली होती, तोंड आरशाकडे होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझे आभार कधी मानले नाहीत, आपल्या घरात ती पद्धतच नव्हती. त्या दिवशी तो शब्द ती येर्बासाठी बोलली की आणखी कशासाठी, मला कळत नाही. मी तिच्याकडे बघतच नव्हतो, थर्मासचं झाकण लावत होतो. दुसरं काही असेल अशी शंका जरी आली असती, तरी मी उठलो नसतो.

हे पत्र ह्यासाठी लिहिलं. मी एबेरांना सांगितलं आहे की उन्हाळा संपेपर्यंत घर सोडणार नाही. घरात कुणी गेलं की आरसा झाकतात म्हणून सुल्मानं त्या दिवशी त्याच्यावर चादर टाकली ती तशीच आहे, माझा हात तिकडे जात नाही. तू जानेवारीत ये. चादर तू काढ, दुपारी त्या पलंगावर, त्या उशीवर डोकं ठेवून पड, आणि ऊन सरकून जाईपर्यंत बघ. मग मला सांग की ती कशाला पुरे म्हणाली, किंवा पुरे म्हणालीच नाही. तू तिची मुलगी आहेस, तुला माझ्यापेक्षा कळेल. जे वाटेल ते सांग, मी ऐकून घेईन. मी शेजारी बसून येर्बा ओतत राहीन. फक्त एक कर, कितीही कडू लागली, कितीही भोपळे झाले, तरी मला ग्रासियास म्हणू नकोस.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा