सांत्वनाला आलेली माणसं

आई,

तुझ्याविषयी लिहायला बसले की हात आखडतो, कारण एकदा मी फार सहज लिहून गेले होते. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तंजावरचं घर रिकामं करायला दोनदा गेले, दुसऱ्या खेपेला तुला चेन्नईला घेऊनच आले. नणंद मुलांना घेऊन सुट्टीला आलेली. आणि पन्नाशी ओलांडल्यावर मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली होती, चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नव्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायची. कॉन्व्हेंटचं इंग्रजी एकदाचं कामी आलं म्हणून तू शेजारणीला तमिळमध्ये कौतुकाने सांगत होतीस. मराठी मंडळातही मी तेव्हा नुकतीच जाऊ लागले होते. तिथल्या वार्षिक अंकासाठी त्यांनी माझ्याकडे लेख मागितला. मराठीत मी पहिल्यांदाच लिहिणार होते.

लेख तुझ्यावरच लिहिला. माझ्या शाळेत इंग्रजी आणि तमिळ, मराठी कुठेच नाही. म्हणून दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर कोलमच्या, म्हणजे तिकडच्या रांगोळीच्या, पिठाने तू अक्षरं काढायचीस आणि मी त्यांवरून बोट फिरवायचे. सगळं खरं होतं, पण लेख काही केल्या उभा राहीना. मग कारखान्याच्या बसमध्ये एक वाक्य सुचलं: आता ती नाही. तेवढं शेवटी घातलं आणि लेख एकदम भरून आला. मला स्वतःलाच हुंदका आला. घरी आले तेव्हा तू शेवग्याचा पाला निवडत बसली होतीस. "चहा टाकू का ग?" म्हणालीस. मी हो म्हटलं, आणि लेख तसाच पाठवला. अंक आला तेव्हा तो कपाटात साड्यांखाली ठेवला.

पंधरा दिवसांनी बसमधून उतरून घरी येते तर दारात चपलांचे दोन अनोळखी जोड. आत मंडळातले काका-काकू बसलेले, हातात कॉफी, आणि समोर वेताच्या खुर्चीत तू. काकूंचे डोळे लाल. मला बघताच त्या उठल्या. "अगं, अंक वाचला आणि राहवलं नाही बघ. कळवलंसुद्धा नाहीस आम्हाला?" आणि तू, माझ्याकडे न बघता, शांतपणे म्हणालीस, "मी सांगितलं त्यांना, मी हिची मावशी. ताई गेल्यापासून इथंच असते."

"चेहरा किती मिळतो हो!" काकू म्हणाल्या.

"सख्ख्या बहिणी. मिळणारच."

काकांनी हळूच विचारलं, "फार त्रास नाही ना झाला त्यांना?"

"छे! बसल्या बसल्या गेली. हिच्याशी बोलायचं होतं म्हणे काहीतरी. पण ही कामात."

मी एवढंच म्हणायचं होतं, की काकू, हीच माझी आई. त्या दोघांनी मला काही फाशी दिलं नसतं. मी खाली बसले, तुझा पेला उचलला आणि विचारलं, "मावशी, साखर कमी पडली का?" तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस.

ते गेल्यावर तू अंक मागून घेतलास. भिंग धरून, ओठ हलवत, तासभर वाचलास. "बरं लिहिलंयस," म्हणालीस. "मेल्यावर मी बरीच शहाणी झालेय." मी रडत म्हटलं, उद्या जाऊन सगळ्यांना खरं सांगते. "काय सांगशील? आई मारली म्हणून? नको. आत्ता कुठे चार माणसांत जायला लागलीयस. सरि, ठीक आहे, सोड. मला तेवढं तिथं नेऊ नकोस, झालं."

तंजावरहून येताना गाडीत तू एकच हट्ट धरला होतास: "तुझ्या मंडळात मला ने, मराठी भजन कानावर पडेल." त्यानंतर चार वर्षं तू जगलीस. दर गणपतीत मी नवी साडी नेसून मंडळात जायचे आणि तू दारापर्यंत सोडायला यायचीस. परत आले की विचारायचीस, कोण गायलं, काय गायलं, प्रसाद कशाचा होता. मी सांगायचे. एकदाही, चल, जे होईल ते होईल, असं म्हणाले नाही.

तू खरोखर गेलीस तेव्हा मंडळात कुणालाच कळवता आलं नाही. काही महिन्यांनी तांबरम स्टेशनवर काकू भेटल्या. "मावशी कशा आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत." "जप हो त्यांना," त्या म्हणाल्या, आणि मी मान डोलावली.

खरं तर हे पत्र काकूंना लिहायला हवं. त्या खूप थकल्यात, पण आहेत, आणि त्यांचा पत्ता माझ्या वहीत आहे. मी तुला लिहिते आहे, कारण तू काही बोलणार नाहीस.