तूस, तुटके दोरे आणि पास्थळचं घर

मी, श्रीमती सुगंधा दिनानाथ चुरी, वय बहात्तर, धंदा गोधड्या शिवण्याचा, राहणार पास्थळ, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी बसून, माझ्या शब्दांत लिहून ठेवते. वकिलांनी मसुदा दिला होता. त्यात होतं, ‘माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.’ ते मी खोडलं. दबाव आहे, पण तो गप्प बसण्याचा आहे, आणि मला गप्प बसायचं नाही म्हणून तर हा कागद. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पांढऱ्या अस्तरावर पडलेला काळा दोरा मला अजून दारातून दिसतो, हा माझा दाखला.

एरवी मी हे लिहायला आणखी काही वर्षं घेतली असती. पण माझं घर कोणीतरी पेटवायला बघतंय. कोण, ते मला कळलं आहे आणि ते त्याच्या जागी येईल. आधी मालमत्ता.

कलम १. बोईसर–तारापूर रस्त्यालगतचं घर, म्हणजे खाली शिवणघर आणि स्वयंपाकघर, वर लाकडी माळा, मागे चिकूची झाडं. माळ्यावर जायला शिवणघरातूनच जिना आहे, दुसरी वाट नाही. ही जागा दिनानाथांनी कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मिळालेल्या पैशातून घेतली आणि हयातीतच माझ्या नावे करून दिली. वाडवडिलांचं यात काही नाही, तेव्हा हिश्शाची भाषा कोणी काढू नये. हे घर माझ्या पश्चात माझी नात समिधा केदार चुरी हिला पूर्ण मालकीने मिळावं. माझा मुलगा केदार याला मिळू नये. वाचताना तो इथे थांबेल. थांबू दे, पुढे बरंच आहे.

कलम २. सोमी आणि तिच्याबरोबर शिवणाऱ्या बायका यांना, त्यांचे हात चालतात तोवर, शिवणघरात बसून शिवायचा हक्क राहील. समिधाने त्यांना उठवू नये. सोमी जव्हारकडची. भात कापून झालं की कामाला उतरायची, आता बारा महिने इथेच असते. पतपेढीत माझी जी शिल्लक निघेल तीही सोमीला. यावर कोणी नाक मुरडलं तर त्याने आधी सांगावं, मी तापाने पडले तेव्हा माझं अंथरूण कोणी धुतलं.

कलम ३. पायाचं शिवणयंत्र सोमीला. मोठी कात्री माझी नणंद माई, राहणार चिंचणी, हिच्याकडे आहे. तिच्या पोरीच्या लग्नात नेली, तिने थर्माकोल कापला, पुठ्ठे कापले, आणि वर मलाच म्हणते, ‘वयनी, तुझी कात्री बोथट हाय गं.’ कापडाच्या कात्रीने कागद कापणाऱ्या बाईला माझ्याकडून काहीही मिळू नये. कात्री मात्र परत आणावी.

कलम ४. आता तूस. कापड कापलं, फाडलं, उसवलं की त्यातून जो बारीक कापूस उडतो त्याला आम्ही तूस म्हणतो. मृत्युपत्रात त्याचं काय काम असं वकील म्हणाले. मी म्हटलं, साहेब, या घराचा जीव त्यातच अडकलाय, ते मी लिहिणारच. आमचं कापड एमआयडीसीतल्या कटपीसच्या गठ्ठ्यांतून येतं, त्याला तूस फार. ते विजेच्या बोर्डात, पंख्याच्या जाळीत, भिंतीच्या फटीत जाऊन बसतं, आणि वाळलेल्या तुसाला एक ठिणगी बास होते. म्हणून रीत लिहून ठेवते, आणि ती पाळली जावी ही माझी अट आहे.

शिवणघरात कोरडा झाडू मारायचा नाही. झाडूने तूस जात नाही, फक्त जागा बदलतं. चहाचा चोथा पिळून जमिनीवर पसरायचा, मग हलक्या हाताने ओढायचं, सगळं चोथ्याला चिकटून येतं. गोधडीवरचं तूस काढायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओला करून एकाच दिशेने ओढायचा. मागेपुढे घासलं की तूस परत कापडात शिरतं. बारीक दोऱ्यांसाठी जुन्या लाटण्याला खोक्याची चिकटपट्टी उलटी गुंडाळायची आणि ते गोधडीवरून फिरवायचं, केदारने आणलेल्या त्या भुंकणाऱ्या, धूळ ओढायच्या यंत्रापेक्षा बरं निघतं. कापायचं कापड आधी मागच्या अंगणात झटकायचं, पण दुपारी नाही, दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि सगळं तोंडावर घेऊन घरात यावं लागतं. गडद आणि पांढरं एका बैठकीत कापायचं नाही. थर शिवून बंद करण्याआधी उजेडाला धरून बघायचं, कारण आत राहिलेला काळा दोरा गोधडी फाटेपर्यंत दिसत राहतो. यंत्राच्या पोटातलं तूस दात घासायच्या जुन्या ब्रशने काढायचं, तोंडाने फुंकर मारायची नाही, ओल आत जाऊन गंज चढतो. तुटके दोरे टाकायला टेबलाच्या कडेला पिशवी टाचलेली आहे. आणि जमलेलं सगळं तूस झाकणाच्या डब्यात, पाणी घालून. कोरडं कधीही नाही. सोमी नवी होती तेव्हा हसायची, ‘आजी, कापसाला पानी पाजता का?’ आता तीच बाकीच्यांवर ओरडते.

कलम ५. गेल्या पावसाळ्यात शिवणघरातला दिवा फडफडायला लागला. सोमीने बोर्डाचं झाकण उघडलं तर आत तुसाचा गोळा. कोरडा, नीट कोंबलेला. ती घाबरली. ‘आजी, ह्यो कापूस हितं कोनी कोंबला? मी नाय. देवाशपथ नाय.’ मी म्हटलं उडून बसला असेल. मनात मात्र म्हटलं, उडालेलं तूस पसरतं, गोळा होऊन बसत नाही. नवरात्र उलटलं आणि तसाच गोळा फ्रिजच्या मागे, तारेला लावून ठेवलेला मिळाला.

दोन्ही वेळा त्याआधी केदार येऊन गेला होता. तो पालघरला कोळगावच्या बाजूला राहतो. कोणा पार्टीला माझी जागा गोदामासाठी हवी आहे, रस्त्यालगत आहे म्हणून. ‘एक सही कर नि माझ्याकडे राहायला ये.’ मी नाही म्हटलं की म्हणायचा, ‘तुझ्या या बायांना काय अक्कल नाय. एक दिवस घर पेटवतील, नि तू बसशील बोंबलत.’ हे तो माझ्याशी बोलला तोवर ठीक. पण शेजारचे नामदेव सावे कुंपणावरून मला विचारायला लागले, ‘वयनी, सोमी इस्त्री तशीच चालू ठेवते म्हणं. केदार सांगत होता. खरं हाय?’ सोमीने आजवर एकदाही इस्त्री चालू ठेवलेली नाही. घर जळायच्या आधीच कोणी जाळलं ते ठरून गेलं होतं.

मग बोईसरच्या बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी बायकांना सुट्टी असते आणि मी बाजारात असते, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. त्या दिवशी मी लवकर परतले. दारातच करपल्याचा वास. शिवणघरात इस्त्री पालथी, तळ तुसाच्या गोळ्यावर, बटण कापसाच्या खुणेपर्यंत चढवलेलं. बाजूला गोधड्यांची थप्पी ओढून ठेवलेली. गोळा मधोमध लाल झाला होता. मी हाताने ओढून मोरीत टाकला, हात भाजला, त्याचा डाग आहे. एमआयडीसीत कुठे मोठा आवाज झाला की आमची तावदानं हादरतात, त्याची मला सवय आहे. आपल्या घरात पाऊल टाकताना भीती वाटायची सवय नव्हती.

त्याच संध्याकाळी केदारचा फोन आला. मधल्या वारी कधी फोन न करणारा माझा मुलगा. ‘आई, सगळं ठीक हाय ना?’ मी म्हटलं, ठीक हाय. मग म्हणाला, ‘बरं.’

कलम ६. मला कसं कळलं ते लिहिते, म्हणजे म्हातारीला संशयाचं वेड लागलं असं कोणी म्हणायला नको. केदारला लहानपणी तुसाने धाप लागायची. उडू नये म्हणून मी त्याला शिकवलं होतं, तूस मुठीत दाबायचं, वरून तुटका दोरा गुंडाळायचा आणि दोऱ्याचं टोक आत खोचायचं. बाकी कोणी तसं करत नाही, बायका सरळ पाण्याच्या डब्यात टाकतात. बोर्डातला गोळा दोऱ्याने बांधलेला होता. फ्रिजमागचाही. इस्त्रीखालचा अर्धा जळला होता, पण मोरीत पाणी ओतलं तेव्हा दोऱ्याचं टोक दिसलं, आत खोचलेलं. आपले हात काय करतायत हे त्याचं त्याला कळलंही नसेल.

मी पोलिसांत गेले नाही. पोटचा पोर आहे. त्याचा इतका राग येतो की फोनवर नाव दिसलं तरी तो उचलूच नये वाटतं, आणि उचलल्यावर तोंडातून पहिलं निघतं, जेवलास का. मला मारायचं त्याच्या मनात नव्हतं, हेही लिहिते. घर रिकामं आहे असं समजून त्याने केलं.

कलम ७. केदार दिनानाथ चुरी याला मी माझ्या घरातलं तूस देते. दर बाजाराच्या दिवशी त्याने येऊन कलम ४ प्रमाणे शिवणघर, बोर्ड, पंखे आणि फटी साफ कराव्यात. मी आहे तोवर माझ्यासमोर, नंतर सोमीसमोर. सोमीला तो ‘सोमीताई’ म्हणेल. नामदेवभावोजींना जे सांगितलं ते खोटं होतं, हेही त्याने कुंपणाशी उभं राहून सांगावं.

कलम ८. मला जाळायचं ते मी मेल्यावर आणि स्मशानात. दिवस घालताना गावजेवण घालू नये. माझ्या अंगावरची गोधडी धुऊन वापरावी, फेकू नये, तिचे टाके मी एकटीने घातले आहेत.

कलम ९. या मृत्युपत्राची एक प्रत नोंदणी झाली की त्याच दिवशी केदारच्या हातात द्यावी.

केदार, आता खाली बस आणि वाच. त्या दिवशी मी बाजारातून लवकर का परतले, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. समिधाचा फोन आला होता. ‘आजी, बाबांशी भांडून आलेय. त्यांना सांगू नको. माळ्यावर झोपते जरा.’ मागच्या दाराची किल्ली मीच तिला दिलेली आहे. मी तिच्यासाठी भजी बांधून घेतली आणि रिक्षा धरली. तू तुझ्याकडच्या किल्लीने पुढून आलास, इस्त्री लावलीस, दार ओढून गेलास, तेव्हा तुझी लेक वर कानात हेडफोन घालून झोपली होती. इस्त्रीचं टेबल जिन्याच्या तोंडाशी आहे. तुला ते ठाऊक आहे.

मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि वर गेले. ती झोपलेलीच होती. उठल्यावर वास कसला म्हणून तिने विचारलं, तेव्हा अस्तर करपलं म्हणाले. तिला अजून तेवढंच ठाऊक आहे.

हा कागद दुय्यम निबंधकांकडे नोंदवला जाईल, त्यामुळे तुझ्या हातातली प्रत फाडून किंवा जाळून उपयोग नाही. मी गेल्यावर घर नावावर करायला समिधा तो मागवेल आणि पहिल्या ओळीपासून वाचेल. त्याआधी तू तिला स्वतः सांगावंस अशी माझी इच्छा आहे. मी सांगणार नाही. माझा जीव आहे तोवर तुला मुदत आहे. साखर वाढली आहे, छातीत अधूनमधून कळ येते, डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. बाजाराच्या दिवशी येशील तेव्हा माझ्या गोळ्या घेऊन ये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझाच आहे, आणि याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. साक्षीदारांना यातून काही मिळायचं नाही. त्यांनी माझी सही पाहिली आहे, मजकूर वाचलेला नाही. घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून मीच तो झाकून धरला होता.

लिहून देणार : सुगंधा दिनानाथ चुरी (सही व डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार
१. नामदेव रघुनाथ सावे, राहणार पास्थळ (सही)
२. सपना मिथुन पागधरे, अंगणवाडी सेविका, राहणार पास्थळ (सही)

ठिकाण : पास्थळ
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५