फीबीची जागा

प्रिय मो,

तुझे फोन वाजून वाजून बंद झाले, तरी मी उचलले नाहीत. रागावली असशील. निरोप मात्र सगळे ऐकले. गिलने खेकड्यांची टोपली आणली आहे, रविवारी मागच्या अंगणात टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून बसणार आहात, माझी खुर्ची धरून ठेवली आहे, हेही ऐकलं. मी येणार नाही. कारण फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्याशी फोनवर माझं कधी काही धड सांगून होत नाही. तू "हं, बोल गं" म्हणतेस आणि मी उगाच उन्हाळ्यावर आणि रहदारीवर बोलत बसते. म्हणून लिहायला बसले आहे. सावकाश वाच. फीबी घरात असेल तर ती बाहेर गेल्यावर वाच.

या आठवड्यात मला तुमच्या तळघरातला तो हिवाळा राहून राहून आठवतोय. पहिल्या कॉलेजने मला कोचच्या नोकरीवरून काढून टाकलं होतं, डॅन मला सोडून निघून गेला होता, आणि मी दोन पिशव्या घेऊन तुझ्या दारात उभी होते. तू काही विचारलं नाहीस. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी माझी खाट टाकलीस. गिल रोज सकाळी जिन्यावरून ओरडायचा, "टेस, डोळे मिट, मी पायजम्यात आहे." आणि फीबी, बालवाडीतली, पुढचा दात पडलेली. मी माझ्या एका जुन्या लॅक्रोस स्टिकचा जाळीखालचा दांडा करवतीने कापून तिच्या मापाचा केला होता. तळघराच्या भिंतीवर आम्ही दोघी बॉल आपटत बसायचो. मी तिला शिकवलं की बॉलवर झडप घालायची नसते. तो जाळीत आला की जाळी जरा मागे न्यायची, कोणी अंडं फेकलंय असं समजून. तिला ते इतकं पटलं की तिने तुझी खरीच अंडी घेऊन करून बघितलं. नंतर तू आल्यागेल्याला सांगायचीस, "माझी पोरगी हिनेच वाढवली." ते खरं नव्हतं, पण मला ऐकायला आवडायचं.

म्हणून तिला माझ्या कॉलेजच्या संघात घ्यायचं ठरवायला मला विचार असा करावाच लागला नाही. गेल्या सप्टेंबरात, मुलींशी बोलायची परवानगी मिळाल्या दिवशी, माझा पहिला फोन तुमच्याकडे आला होता. सही व्हायची ती या नोव्हेंबरात, तोवर सगळा व्यवहार तोंडी शब्दांचा, हे तुलाही ठाऊक आहे. पण तुझ्यामाझ्यात शब्द म्हणजे शब्दच होता. जूनमध्ये ते उत्तरेकडचं मोठं कॉलेज तिच्या मागे लागलं तेव्हा तू मला विचारलंस, काय करू. मी म्हटलं, नाही म्हणून कळव, तिची जागा माझ्याकडे आहे. मो, मी ते मनापासून म्हटलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवशील तर बरं.

जुलैतल्या शोकेसला, आम्ही कोच मुली हेरायला जातो त्या सामन्यांना, तू होतीस, पण तू पलीकडच्या कडेला होतीस. पालकांची कड आणि आम्हा कोचची कड यांच्यात एक अख्खं मैदान सोडलेलं असतं. ते बरंच आहे, कारण आमच्या कडेला जे बोललं जातं ते कुठल्या आईने ऐकू नये. माझ्या शेजारी बेव्ह बसली होती. तुला ती आठवत असेल, आपण खेळायचो तेव्हाही ती कोचच होती, तेव्हाही तोंडाची तिखट. ती नव्या कोचना शिकवते, "पोरीकडे नंतर बघ, आधी पलीकडे तिच्या आईकडे बघ. चार वर्षांनी पोरीचं बूड केवढं होणार ते तिथे खुर्चीत बसलंय." सगळे हसतात. मीही हसते. एखाद्या मोठ्या कॉलेजची टोपी घातलेलं कोणी सामना चालू असताना खुर्ची मिटून उठलं की मैदानातल्या अर्ध्या मुलींचे पाय जड होतात. बेव्ह मुद्दाम उठते, नुसती पाणी प्यायला, आणि कोणती मुलगी आपल्याकडे बघते ते बघते. जी बघते तिच्या नावावर काट. दुपारपर्यंत तंबूमागे रडणाऱ्या मुलींची रांग लागते. त्यांच्या आया पाठ चोळत असतात आणि बाप जरा लांब उभे राहून कोणाला तरी फोनवर समजावत असतात.

आणि त्या जमवून बनवलेल्या संघांत कोणी कोणाला पास देत नाही हे तू पलीकडूनही पाहिलं असशील. जिच्याकडे बॉल ती दिसते, मग कोण सोडेल? फीबीच्या निळ्या संघात ती मार्लो आली होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या कुठल्याशा खेड्यातली, जिच्या शाळेत मुलींचा संघच नाही, जी भावांबरोबर खेळून शिकली. डोळ्यांवरच्या जाळीच्या चष्म्याला एका बाजूने चिकटपट्टी लावलेली, बूट मुलग्यांचे. पहिला सामना संपेपर्यंत तिला एकही पास मिळाला नाही. ती नुसती धावत राहिली, मोकळ्या जागेत जाऊन उभी राहायची, हात वर करायची, पुन्हा धावायची. निळ्यांपैकी एकजण मोठ्याने म्हणाली, "हिला कोणीतरी सांगा गं, बसचा थांबा त्या बाजूला आहे." पोरी खिदळल्या. मी तिच्याकडे बघत नव्हते. मी माझ्या मुलीला, फीबीला, बघायला आले होते, आणि माझी मुलगी उत्तम खेळत होती.

मधल्या सुट्टीत त्या घोळक्याने माझ्या खुर्चीसमोर पाणी प्यायलं. फीबीने मला पाहिलं नव्हतं. ती आवाज न चढवता म्हणाली, "माझं कॉलेज ठरलंय. मला इथे कोणाला काही दाखवायचं नाही. दुसऱ्या सामन्यात माझ्याकडे आलेला प्रत्येक बॉल हिच्याकडे जाणार. कोणाला आवडत नसेल तर तिने बाहेर बसावं." बसच्या थांब्यावाली काहीतरी पुटपुटली. फीबीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुलाही देईन, पण आधी हिला." अगदी तुझ्या आवाजात, मो. मला इतका अभिमान वाटला की मी बेव्हला कोपराने ढोसलं. बेव्ह म्हणाली, "फार चांगली पोरगी आहे गं तुझी." आणि मग म्हणाली, "इतकी चांगली पोरगी संघात असली की त्रास होतो."

दुसऱ्या सामन्यात फीबीने बोलल्याप्रमाणे केलं. पुढे जाऊन तिने आणखी एक केलं, ते तुला लांबून कदाचित कळलं नसेल. खेळ सुरू करताना दोघी बॉलसाठी झुंजतात त्या ड्रॉला मधल्या वर्तुळात नेहमी फीबी उभी राहते. तिथूनच तर ती सगळ्यांच्या नजरेत भरली, तिथे उभं राहायला म्हणून तर मी तिला घेतलं. तिने मार्लोला हाताला धरून वर्तुळात नेलं आणि स्वतः कडेला जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली आणि मार्लोने मनगटाचा एवढासा झटका दिला. बॉल सरळ फीबीच्या जाळीत. पुढचा ड्रॉही तसाच, त्याच्या पुढचाही. समोरच्या संघाने मुलगी बदलली, पुन्हा बदलली. काही फरक पडला नाही. असं मनगट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आपल्या वेळी नाही, नंतर नाही. आमच्या कडेला एकदम सगळे गप्प झाले. ही शांतता कशाची असते ते तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला कळतं. बेव्ह पाणी प्यायला उठली नाही. मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्या मुलीची आई पलीकडे कुठे बसली आहे ते शोधलं. ती तुझ्या शेजारी बसली होती आणि तुझ्या डब्यातलं सँडविच खात होती.

शेवटचा सामना झाल्याशिवाय मुलींशी बोलायचं नाही हा नियम. तो संपला तशी फीबी मार्लोला ओढतच माझ्याकडे घेऊन आली. दोघींच्या हातात बर्फाचे गोळे, दोघींच्या जिभा निळ्या. लहानपणापासून मला नुसतं टेस म्हणणारी ती, इतर कोच बसलेत म्हणून एकदम अदबीने म्हणाली, "कोच, हिला बघितलंत ना? हिला अजून कोणाचाच फोन नाही आला. तुमच्याकडे जागा नाही ते माहितेय मला. पण ओळखीच्या कोणाला तरी सांगा ना."

मी म्हटलं, "बघते."

गाड्या लावल्या होत्या तिथे तू मला मिठी मारलीस. घामाचा आणि उन्हाच्या मलमाचा वास येत होता तुला. "माझी पोरगी बघितलीस?" एवढंच म्हणालीस, आणि तुझे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, बघितली.

आमच्या क्रीडाप्रमुखांबद्दल मी तुला फारसं बोलले नाही. गेला मोसम कसा गेला ते तू पेपरात वाचलंस. मेमध्ये त्यांनी मला बोलावून कॉफी दिली आणि म्हणाले, "टेस, पुढच्या वर्षी तुझ्या खुर्चीत कोण बसेल ते तूच ठरवायचंस." माणूस हसतमुख आहे. मला आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा कोणाच्या तळघरात जायचं नाही. हे तुला लागेल असं लिहिलं आहे, कळतंय मला, पण खोटं नाही. आणि मैदानातलं खरं तेही लिहिते. फीबी चांगली खेळते. चांगल्या खेळणाऱ्या मुली मला दर मोसमाला मिळतात. तशी मनगटं एखाद्या कोचला एकदाच दिसतात, कित्येकांना दिसतही नाहीत. दुसऱ्याच दिवशी बेव्हने मार्लोच्या घरी फोन केला असता. म्हणून मी त्याच संध्याकाळी केला, घरी पोहोचायच्या आत, रस्त्यालगत गाडी थांबवून. पुढच्या आठवड्यात मायलेकी कॉलेज बघून गेल्या. मुलीने हिरवळीवर अनवाणी फिरून बघितलं. आई सगळा वेळ माझा हात धरून होती.

तर मो, मार्लोला मी घेतलं आहे. पुढच्या वर्षासाठी प्रवेश कचेरीने मला दिलेल्या जागा भरलेल्या होत्या, आणि ड्रॉला दोन मुली ठेवायची चैन मला परवडत नाही, तेव्हा तिला जी जागा दिली ती फीबीची आहे. हेच सांगायला हे पत्र. उत्तरेकडच्या त्या कॉलेजला मी तुझ्यासाठी विचारून पाहिलं. त्यांनी जूनमध्येच दुसरी मुलगी घेतली. आणखी एकदोघांशी बोलेन, पण ऑगस्टात कोणाकडे काही उरत नाही, तुला खोटी आशा लावत नाही. फीबीला तू सांग. माझ्याकडून ऐकण्यापेक्षा आईकडून ऐकलं तर तिला सोसेल, आणि खरं सांगायचं तर ती मला रागावणार नाही, समजून घेईल, आणि तेवढं मला ऐकवणार नाही. मात्र उशीर करू नकोस. मार्लोला यातलं काही माहीत नाही. फीबीने शब्द टाकला म्हणून मी कुठूनतरी आणखी एक जागा काढली, असंच तिला वाटतंय. काल तिने मला विचारलं, वसतिगृहात फीबीबरोबर एका खोलीत राहता येईल का. मी म्हटलं, फीबीलाच विचार. ती आज-उद्या फोन करेल.

आजवर तुझीच,
टेस