बरणीतला ॲम्फिऑक्सस

३ जून
कॉलेजात गेले होते. प्राणिशास्त्राचं म्युझियम मोडून तिथे कॉम्प्युटर बसवणार म्हणे. प्राचार्या माझीच विद्यार्थिनी. "मॅडम, बरण्यांचा वास येतो." एकतीस वर्षं त्या वासात शिकवलं, मेले नाही! कडाकडा भांडले. शेवटी म्हणाली, "दुर्मीळ काय आहे ते सहा तारखेच्या कमिटीला दाखवा. पटलं तर ठेवू." नाही पटलं तर सगळंच जाणार. कासवाचा सांगाडासुद्धा.

४ जून
दाखवायचा तर ॲम्फिऑक्सस, समुद्रातला माशासारखा दिसणारा जीव. एकच आहे, बोटाच्या दोन पेरांएवढा. कवटी नाही, जबडा नाही, धड डोळे नाहीत. फक्त पाठीतून पार टोकापर्यंत गेलेली नोटोकॉर्ड. तुमच्याआमच्या कण्याची सुरुवात. दरवर्षी बरणी उंच धरून हेच म्हणायचे.
दुपारी भिंगाखाली धरला.
डोळे आहेत. दोन, काळेभोर. खाली जबडा.
पुन्हा पाहिलं. मासा आहे. माशाचं पिल्लू.

५ जून
लालबागला परबांकडे. आमचे लॅब अटेंडंट, माझ्याबरोबरच रिटायर झाले. पाणी प्यायच्या आधीच विचारलं.
"फुटली होती बाई ती बरणी. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी. आतला पायाखाली गेला. मग मासळीच्या धक्क्यावरून वाम माशाचं पिल्लू आणून घातलं. तसलंच काचेसारखं. तुमचं लेबल सोडवून नव्या बरणीला लावलं."
"मला सांगायला काय झालं होतं?"
"तुम्हाला?" परब म्हणाले. त्यांची बायको पदराआड हसली. "बाई, तुमच्यापेक्षा इन्स्पेक्शन परवडलं!"
"कधीची गोष्ट?"
"धाकटीच्या बारशाच्या वर्षीची." धाकटी आता दोन मुलांची आई. "वाटलं, उद्या ओळखाल. मग वाटलं, परवा. तुम्ही ओळखलंच नाही."
कुत्सितपणे नाही म्हणाले. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं.
मागच्या बाकावरून एकदा कोणीतरी विचारलं होतं, "मॅडम, हा डोळा का?" आधी पुस्तक वाच म्हणून खाली बसवलं. कोण होती, आठवत नाही. कितीजणींना मी मासा दाखवून याला जबडा नाही म्हणून सांगितलं! बरणीकडे बघतच नव्हते. पाठ होतं सगळं.

६ जून
म्युझियममध्येच लिहितेय. सकाळी परबांचा फोन. "बाई, हवं तर माझं नाव सांगा." त्यांचं कशाला?
कमिटीत प्राणिशास्त्राचं कोणी नाही. मी ॲम्फिऑक्सस म्हटलं की ॲम्फिऑक्सस. खोली वाचेल. खरं बोलले तर ही शिक्षिका आणि हे तिचं म्युझियम म्हणून हसतील, आणि संध्याकाळपर्यंत सगळं भंगारात.
बरणीवरचं लेबल माझ्याच अक्षरातलं. नखाने उचलून बघितलं, अर्धं निघालं. उरलेलं निघत नाही, निघालेलं चिकटत नाही.
जिन्यात आवाज. आले वाटतं.