चेण्याच्या टेपमधले चार सेकंद

अखिल-भाईंदर-पूर्व-त्रिवार-कुलूप-निरीक्षक, अर्धकप-चहा-पुनरुष्णीकरण-धुरंधर, दूरनियंत्रक-प्लास्टिकावरण-संप्रदायाचे आद्य प्रवर्तक, निवृत्त वरिष्ठ लिपिक तीर्थरूप बाबांच्या चरणी, त्यांच्या अनिर्णय-वाचस्पती ज्येष्ठ चिरंजीवाचा साष्टांग.

बाबा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. विषय तोच जुना आहे, आईच्या टेपचा.

मी हप्त्यांवर कॅमकॉर्डर घेतला आणि त्याच्या उद्घाटनार्थ आपण तिघे रिक्षाने चेण्याला नदीकाठी गेलो, ते तुम्हाला आठवत असेलच. पुढे चार महिन्यांत आई गेली. हलत्याबोलत्या आईचं तेवढंच चित्रण मागे उरलं. तेराव्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही संगणकाच्या टेबलापाशी येऊन उभे राहिलात. "तेवढं दाखव रे एकदा. फोटोत ती उभीच असते. मला तिला चालताना बघायचंय."

मी उत्तरलो, "बाबा, कच्चं चित्रण बघू नये. आधी संपादन करतो. आणि सारखी चालवली की टेप झिजते."

वस्तू झिजू नये म्हणून ती वापरूच नये, हा आपल्या घराण्याचा कुलाचार. सोफ्याचं वेष्टन न काढता त्यावर आयुष्य काढलेल्या पुरुषाला माझा युक्तिवाद तत्काळ पटला. तुम्ही स्वहस्ते ती इवलीशी कॅसेट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलीत, रबर लावलंत आणि कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवलीत.

तदनंतर संपादनप्रणालीच्या निवडीचा महायज्ञ आरंभला. केबिन रोडवरचा संगणकवाला सॉफ्टवेअरची एकेक चकती काढून दाखवतोय. "साहेब, ये वाला लो. पन्ना पलटता है, दिल उडता है. शादी के लिए एकदम मस्त."

"शादी नहीं है. मेरी माँ है."

"तो दिल निकालके फूल डाल दो."

मी एक प्रणाली आणली, तिच्यात मराठी शीर्षकाच्या जागी नुसते चौकोन उमटत. दुसरी सत्याऐंशी टक्क्यांवर समाधिस्थ होई. तिसरीला आपला संगणकच दुर्बळ वाटे. तुम्ही मागे वेताच्या खुर्चीत बसून संध्याकाळचा चहा घेता घेता विचारायचात, "आज किती टक्के?" मी गांभीर्याने आकडा सांगायचो आणि तुम्ही मान डोलवायचात. कार्यालयात साहेबाकडे अडकलेल्या फायलीसाठी तुम्ही अशीच मान डोलवत असाल.

एकदा मात्र तुम्ही म्हणालात, "शेजारचे सांगत होते, कॅमेऱ्याची पिवळी वायर डायरेक्ट टीव्हीला लावली की दिसतं."

"दिसतं. पण चित्राची गुणवत्ता ढासळते."

"माझ्या डोळ्यांची तरी कुठे राहिलीय?"

मी हसलो. तुम्हीही हसलात. ती वायर कॅमेऱ्याच्याच खोक्यात होती, बाबा, आणि ती लावायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

खरं कारण असं. चेण्याला तुम्ही पाय धुवायला नदीवर गेला होतात. मी मान्यवर दिग्दर्शकाच्या आविर्भावात डोंगर टिपत होतो. आई चटईवरून उठली आणि डब्यातली तिखटमिठाची पुरी हातात धरून माझ्याकडे चालत आली. अख्ख्या टेपमध्ये ती चालते ती एवढीच. मी ओरडलो, "आई, अक्कल आहे का तुला? बाजूला हो, फ्रेम बिघडवलीस सगळी." ती थांबली. पुरी पदराखाली घेतली आणि बाजूला झाली.

चार सेकंद. तुम्हाला टेप दाखवण्यापूर्वी मला तेवढे कापायचे होते. ते कापावेत तर तिचं चालणं जातं. आवाज गाळावा तर तिचा चेहरा उरतो, आणि तो चेहरा तुम्ही माझ्याहून चांगला वाचला असता. मायलेकांमधला तो क्षण पुसून चालणं तेवढं शिल्लक ठेवील, अशी प्रणाली मी शोधत राहिलो. गुणवत्ता, टक्के, शीर्षकं ही सारी शोभा होती. दीड वर्ष तुम्ही वाट पाहिलीत. एका दुपारी जेवून आडवे झालात आणि उठलाच नाहीत. तिला चालताना तुम्ही पाहिलं नाहीत ते नाहीच.

तुमच्या वर्षश्राद्धानंतर मी टेप संगणकात उतरवून घेतली. संपादन केलं नाही, एकही सेकंद कापला नाही. हे पत्रही कुठे धाडायचं नाही. पत्ता नाही ही सबब सोयीची आहे. तुम्ही समोर असतात, तरी हे मी तुमच्या हाती दिलं असतं असं वाटत नाही.

परवा ते चित्रण पुन्हा लावलं. फुकटातला नवा प्लेअर आहे, त्यात आवाज चित्रापेक्षा सेकंदभर मागून येतो. आईचा चेहरा आधी उतरतो आणि माझं वाक्य नंतर ऐकू येतं. आवाज पुढे सरकवण्याची सोय त्याच्या मेनूत कुठेतरी आहे म्हणतात. मी सगळा मेनू पालथा घातला, मला ती सापडत नाही.